उडत्या कीटकांची छायाचित्रे: शटर वेगवान असूनही पंख पुसट का येतात?

कुंपणकाठ

परसातली तुळस, सब्जा आणि कुंपणाच्या कडेला आपोआप वाढलेली रुई, एवढ्यावरच माझे बहुतेक कीटकचित्रण चालते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या येतात, रुईवर मोठे काळे भुंगे येतात, आणि बसलेल्या कीटकांची जवळून घेतलेली चित्रे आता समाधानकारक मिळू लागली आहेत. अडचण आहे ती उडत्या कीटकांची. माझ्याकडे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो (जवळून चित्र घेण्याची) लेन्स आणि हाय-स्पीड सिंकची, म्हणजे अतिवेगवान शटरलाही फ्लॅश वापरता येण्याची सोय असलेला एक साधा फ्लॅश आहे. भर उन्हात १/४००० सेकंद शटर ठेवून आणि फ्लॅश हाय-स्पीड सिंकवर लावून चित्रे घेतली, तरी माशीचे शरीर लख्ख येते आणि पंखांच्या जागी धुरकट पट्टा उरतो. काही चित्रांत तर पंख मुळाशी सरळ आणि टोकाशी भलतीकडेच वळलेला दिसतो.

शटर याहून वेगवान करणे हाच उपाय असेल, तर नवा कॅमेरा घ्यावा लागेल. तसे नसेल, तर आहे त्याच साहित्यात नेमके काय बदलावे आणि हवेतल्या कीटकावर फोकस कसा साधावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उजेडमापक

नवा कॅमेरा घेण्याआधी थोडा हिशोब करून पाहू, म्हणजे दोष कोठे आहे ते आपोआप दिसेल.

मधमाशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख हलवते. पंखाची लांबी १० मिलिमीटरच्या आसपास असते आणि प्रत्येक फटक्यात तो जवळजवळ काटकोनातून फिरतो. म्हणजे पंखाचे टोक एका दिशेने सुमारे १५ मिलिमीटर आणि परत तेवढेच, असे दर आवर्तनाला ३० मिलिमीटर कापते. सेकंदाला सात मीटर. ही सरासरी आहे आणि फटक्याच्या मध्यावर वेग याच्या दीडपट असतो. आता १/४००० सेकंदात हे टोक पावणेदोन मिलिमीटर सरकते. दहा मिलिमीटरचा पंख पावणेदोन मिलिमीटर पसरला, तर त्याच्या शिरा दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. पंखाच्या शिरा रेखीव हव्या असतील, तर प्रकाश पडण्याचा काळ १/२०,००० सेकंद किंवा त्याहून कमी असायला हवा. तेव्हाही टोक एक तृतीयांश मिलिमीटर सरकलेले असते.

पंख वाकडा दिसण्याचे कारण वेगळे आहे. १/४००० सेकंदाला शटरचे दोन पडदे कधीही एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. त्यांच्यामधली एक अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते आणि तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचायला ३ ते ४ मिलिसेकंद लागतात. मधमाशीचे एक संपूर्ण आवर्तन सव्वाचार मिलिसेकंदांचे असते. म्हणजे चित्राची वरची कड नोंदली जाते तेव्हा पंख एका जागी असतो आणि खालची कड नोंदली जाईपर्यंत तो जवळजवळ पूर्ण फेरी मारून आलेला असतो. माशीने चौकटीचा जेवढा भाग व्यापला असेल, तेवढी ही विकृती पंखात उतरते. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश या फटीच्या संपूर्ण प्रवासात अतिशय जलद गतीने स्पंद देत राहतो, त्यामुळे त्याचा परिणाम सतत पेटलेल्या दिव्यासारखाच होतो. फ्लॅशचा एकच तोकडा लखलखाट पंख गोठवतो, आणि नेमका तोच गुण या सोयीत गमावला जातो.

तेव्हा हाय-स्पीड सिंक बंद करावा, शटर कॅमेऱ्याच्या सिंक वेगावर (ज्या सर्वाधिक वेगाला सेन्सर क्षणभर पूर्ण उघडा असतो) म्हणजे १/२०० किंवा १/२५० वर ठेवावे आणि फ्लॅश मॅन्युअलवर घेऊन त्याची शक्ती कमी करावी. हल्लीचे कॅमेऱ्यावर बसणारे फ्लॅश शक्ती कमी करताना लखलखाट मंद करत नाहीत, तो मध्येच तोडतात. निकॉनच्या एसबी-९०० या फ्लॅशचे उत्पादकाने दिलेले आकडे पाहावेत: पूर्ण शक्तीवर १/८८० सेकंद, १/१६ शक्तीवर १/१०,०००, १/३२ वर १/२०,००० आणि १/१२८ वर १/३८,५००. इतर उत्पादकांच्या याच वर्गातल्या फ्लॅशचे वर्तनही साधारण असेच असते. स्टुडिओतल्या काही जुन्या दिव्यांचा मात्र शक्ती कमी केली की लखलखाटाचा काळ उलट वाढतो, म्हणून तेथे हा नियम आंधळेपणाने लावू नये.

कुंपणकाठ

हिशोब पटला. आपण म्हणता त्याप्रमाणे आज दुपारी १/२५० शटर, एफ/११ (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि फ्लॅश १/३२ शक्तीवर ठेवून पाहिले. पंखांच्या शिरा प्रथमच दिसल्या, पण त्यांच्याभोवती आणि शरीराच्या कडेलाही एक फिकट सावलीसारखी दुसरी प्रतिमा आली आणि चित्र एकूणच पांढुरके झाले. १/२५० च्या शटरमुळे हे होत असेल, तर पुन्हा वेगवान शटरकडेच वळावे लागणार का?

उजेडमापक

दोष शटरचा नाही, उन्हाचा आहे. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद हे योग्य प्रकाशमान धरतात. आपण आयएसओ चौपट केला, वेळ चाळीस टक्क्यांवर आणली आणि छिद्र थोडे मोठे ठेवले. फ्लॅश बाजूला ठेवला तरी केवळ उन्हाने आपले चित्र योग्य प्रकाशाच्या तिपटीहून अधिक उजळते. म्हणजे सेन्सरवर दोन चित्रे एकमेकांवर पडतात: एक १/२०,००० सेकंदाचे फ्लॅशचे आणि दुसरे १/२५० सेकंदाचे, पूर्ण पुसट झालेले उन्हाचे.

आयएसओ १०० आणि एफ/१६ केले, तरी ऊन योग्य प्रकाशापेक्षा सव्वा स्टॉपच (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली जाते आणि दुसरी प्रतिमा जात नाही. ती नाहीशी व्हायला भोवतालचा प्रकाश किमान तीन स्टॉप खाली हवा. यावर सर्वांत स्वस्त उपाय सावलीचा आहे. मोकळ्या सावलीत प्रकाश उन्हाच्या आठव्या ते सोळाव्या भागाइतका असतो आणि झाडाच्या दाट पानांखाली त्याहून कमी. म्हणून रुईच्या ज्या फांदीवर सकाळी घराची सावली पडते, तीच निवडावी, किंवा सूर्य डोंगराआड गेल्यावर अजून भुंगे येत असतील तर ती वेळ साधावी. उन्हातल्या तुळशीवर कोणाकडून छत्री धरवूनही काम भागते, मात्र छत्री हलली की माश्या पांगतात.

सातेरी

वरील चर्चेला इतिहासाची जोड देतो, कारण या विषयात शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनीही नेमका हाच मार्ग धरला होता. पॅरिसमधील एतिएन-ज्यूल मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला कीटकाच्या पंखाचे टोक हलकेच स्पर्श करेल अशी व्यवस्था केली आणि उमटलेल्या खुणांवरून पंखांची गती मोजली. त्याचे आकडे सेकंदाला असे आहेत: घरमाशी ३३०, मधमाशी १९०, गांधीलमाशी ११०, हॉकमॉथ पतंग ७२, चतुर २८ आणि कोबीवरचे पांढरे फुलपाखरू ९. आजची मोजमापे काही ठिकाणी वेगळी आली आहेत, वर दिलेला मधमाशीचा २३० हा आकडा त्यांपैकीच एक. पण कोणत्या कीटकासाठी किती तोकडा लखलखाट लागेल, हे ठरवायला हा तक्ता आजही पुरतो.

मारेच्या संस्थेतल्या ल्युसियाँ बुल याने १९०४ च्या सुमारास विजेच्या ठिणग्यांच्या प्रकाशात उडत्या कीटकांचे चलचित्रण केले. कीटकाने उड्डाण घेताच यंत्रणा सुरू व्हावी, अशी योजना त्याने केली होती. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी स्टीफन डाल्टन या ब्रिटिश छायाचित्रकाराने सुमारे १/२५,००० सेकंदाचा फ्लॅश, झटकन उघडणारे शटर आणि कीटकाने प्रकाशकिरण तोडताच सुटणारा ट्रिगर असा संच उभा केला. त्याचे एक उडत्या कीटकाचे चित्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत समाविष्ट आहे. झटकन उघडणारे शटर त्याला कशासाठी लागले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे: बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत ५० मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला पाच मीटर वेगाने जाणारी माशी तेवढ्यात पंचवीस सेंटिमीटर पुढे, म्हणजे चौकटीच्या पार बाहेर गेलेली असते.

तिलारीकर

१/३२ शक्तीवर उजेड पुरतो का, ही शंका राहते. त्यात डिफ्युजर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) लावला की निम्म्याहून अधिक प्रकाश तोच खातो. मी पूर्वी हा प्रयत्न सोडून दिला होता तो याच कारणाने.

उजेडमापक

पुरतो, पण जेमतेम, आणि अंतर कमी असेल तरच. समजा फ्लॅशचा गाइड नंबर (त्याला छिद्राच्या आकड्याने भागले की फ्लॅश पुरेल ते अंतर मिळते) आयएसओ १०० ला ३४ मीटर आहे. १/३२ शक्तीवर तो ६ उरतो आणि आयएसओ ४०० ला १२ होतो. मॅक्रोमध्ये लेन्सवर लिहिलेले छिद्र खरे धरून चालत नाही. वर्धन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट; १:१ म्हणजे तेवढीच) जसे वाढते तसा सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो. एक तृतीयांश वर्धनाला एफ/११ हे प्रत्यक्षात साडेचौदाच्या जवळ जाते आणि १:१ ला एफ/२२ होते. बाराला साडेचौदाने भागले की सुमारे ८२ सेंटिमीटर अंतर येते. डिफ्युजरने दोन स्टॉप खाल्ले तर ते निम्मे, म्हणजे ४१ सेंटिमीटर. १०० मिमी लेन्सने एक तृतीयांश वर्धनाला कीटक लेन्सच्या तोंडापासून साधारण तीस सेंटिमीटरवर असतो, तेव्हा फ्लॅश लेन्सच्या तोंडाजवळ आणला की काम होते. याहून अधिक उजेड हवा असेल तर फ्लॅशची शक्ती वाढवू नये, दुसरा फ्लॅश जोडावा. १/६४ वरचे दोन फ्लॅश १/३२ वरच्या एकाएवढा प्रकाश देतात आणि लखलखाट मात्र आणखी तोकडा राहतो.

डिफ्युजरसाठी महागडे काही लागत नाही. पॅकिंगचा पांढरा पातळ फोम आणि बटर पेपर यांचे दोन थर पुरतात, मात्र दोन थरांत तीन-चार सेंटिमीटरची पोकळी हवी, नाहीतर पहिल्या थरावर पडलेला प्रखर ठिपका दुसऱ्यावरही तसाच उमटतो. भुंग्याचे शरीर आणि ढालकिड्याची पाठ आरशासारखी चकचकीत असते. तिच्यावर डिफ्युजरचाच आकार प्रतिबिंबित होतो, म्हणून त्याची कड गोलसर ठेवावी.

चतुरवेडी

इथवरची सर्व चर्चा फ्लॅशभोवती फिरली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझा विषय चतुर आणि टाचण्या, आणि मी उड्डाणाची चित्रे फ्लॅशविनाच काढते. सेकंदाला तीसच्या आसपास पंख हलवणारा कीटक १/२५०० किंवा १/३२०० सेकंदात बराचसा स्थिर मिळतो. शिवाय फटक्याच्या दोन्ही टोकांना पंखाची दिशा बदलते आणि त्या क्षणी त्याचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. सलग चित्रे घेत राहिले की काही चित्रांत पंख त्या टोकालाच सापडतो. नीलवंत फुलपाखराच्या बाबतीतही हेच दिसते. आपल्या राज्याचे हे फुलपाखरू (२०१५ मध्ये त्याला तो मान मिळाला) फुलावर मध पितानासुद्धा पुढचे पंख फडफडवत राहते, त्यामुळे ते बसले आहे असे समजून १/३०० शटर ठेवणारे फसतात.

चतुरांमध्ये विषय निवडताना स्वभाव पाहावा. काही जातींचे नर एखाद्या काडीवर ठाण मांडतात आणि उडून पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येतात. तेथे काडीच्या पुढे हातभर जागेवर फोकस ठरवून ठेवता येतो. काही जातींचे नर तळ्याच्या काठाने ठरलेल्या हद्दीत गस्त घालतात आणि मधूनच क्षण-दोन क्षण हवेत स्थिर राहतात. त्यांच्या दोन-चार फेऱ्या नुसत्या पाहिल्या तर थांबण्याची जागा कळते. पावसाळा सरताना सड्यांवर आणि माळांवर थव्याने घिरट्या घालणारा ग्लोब स्किमर हा पिवळसर चतुर नवशिक्यांना सर्वांत सोयीचा, कारण तो वाऱ्यावर पंख पसरून तरंगतो आणि तरंगताना पंख हलवत नाही. हाच चतुर ऑक्टोबरमध्ये भारताकडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातो, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, तेव्हा तो पंख हलवण्यात काटकसर का करतो हे वेगळे सांगायला नको.

फ्लॅशच्या उड्डाणचित्रांबद्दल माझी तक्रार अशी की त्यांत मागचा सगळा परिसर काळा पडतो. दिवसा उडणारी मधमाशी काळोखात टांगल्यासारखी दिसते. पंखांच्या शिरा जातओळखीसाठी हव्या असतील तर गोष्ट निराळी. एरवी मला शरीर स्पष्ट आणि पंख किंचित पुसट असलेले, ऊन आणि हिरवळ टिकवून ठेवणारे चित्र अधिक खरे वाटते.

सातेरी

काळ्या पार्श्वभूमीविषयी सहमत आहे, पण ती टाळता येते. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून मागे मीटरभर अंतरावर काही असेल तर ते काळे दिसणारच. फुलाच्या मागे वीतभर अंतरावर दुसरे एखादे मोठे पान येईल असा कोन घेतला की तेच पान हिरवी पार्श्वभूमी होते. ते नसेल तर दुसरा लहान फ्लॅश मागच्या झुडपावर रोखावा. मी कुंडीतली झाडे सरकवून हे साधतो, रानात अर्थातच तशी मुभा नसते.

कुंपणकाठ

फोकसविषयीचा प्रश्न राहून गेला. ऑटोफोकस फुलावर किंवा मागच्या पानांवर जाऊन बसतो आणि तोवर माशी निघून जाते.

आंबोलीचा पाऊस

या अंतरावर ऑटोफोकसचा नाद सोडलेला बरा. नव्या कॅमेऱ्यांत कीटक ओळखणारे ऑटोफोकस आले आहे आणि चतुरांच्या अंतरावर ते उपयोगीही पडते, पण वीतभर अंतरावरच्या माशीसाठी मी आजही लेन्स मॅन्युअलवर ठेवतो. फोकसचे कडे फिरवायचे नाही. हवे ते वर्धन एकदा ठरवायचे आणि नंतर स्वतःच सावकाश पुढे-मागे व्हायचे.

वर्धनाची हाव येथे नडते. तुमच्या सेन्सरवर १:१ ला एफ/११ ठेवले तर डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तेवढी खोली) एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते आणि उडती माशी त्यात सापडणे हा निव्वळ योगायोग ठरतो. तेच एक तृतीयांश वर्धनाला ती पाच मिलिमीटरच्या वर जाते. तेव्हा चौकटीत सुमारे सत्तर मिलिमीटर रुंदीचा भाग मावतो, माशी त्याचा सहावा हिस्सा व्यापते आणि नंतर कापून घेतले तरी चित्र पुरेसे मोठे राहते. एफ/२२ लावून खोली वाढवण्याचा मोह टाळावा, कारण विवर्तनामुळे (फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते.

त्यानंतर कीटक कोठे थांबणार, हे ओळखण्याचा भाग येतो, आणि माझ्या मते ह्यातच या छंदाचा खरा कस लागतो. निळ्या पट्ट्यांची मधमाशी फुलात शिरण्याआधी त्याच्या समोर क्षणभर तरंगते. मंजिरीतले उमललेले एकच फूल हेरून त्याच्या पुढच्या दोन-तीन सेंटिमीटरवर फोकस ठेवावा. भुंग्यांचे नर आपल्या हद्दीत एकाच ठिकाणी बराच वेळ तरंगत राहतात आणि हुसकले तरी तेथेच परततात, तेव्हा रुईपासून थोडे दूर, मोकळ्या जागेत घुमणारा नर शोधावा. हॉकमॉथ पतंग उडण्याआधी पंख थरथरवून उड्डाणाचे स्नायू तापवतो. ती थरथर दिसली की कॅमेरा डोळ्याला लावायला भरपूर वेळ मिळतो. लेडीबर्ड ढालकिडा उभ्या काडीवर सोडला तर शेंड्यापर्यंत चढतो, तेथे घुटमळतो आणि पाठीची कवचे उघडून उडतो. शेंड्यावर फोकस ठेवून बसावे.

उड्डाणाच्या याच क्षणासाठी ऑलिंपसने २०१६ च्या ई-एम१ मार्क २ मध्ये आणलेली प्रो कॅप्चरसारखी सोय फार कामाची आहे. बटण अर्धे दाबून ठेवले की कॅमेरा चित्रे तात्पुरती साठवत राहतो आणि पूर्ण दाबले की आधीच्या काही चित्रांसह जतन करतो. आपल्या हाताचा उशीर त्यातून भरून निघतो. यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरले जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तिलारीकर

इलेक्ट्रॉनिक शटरचा विषय निघालाच आहे तर: माझ्या कॅमेऱ्यात १/३२,००० सेकंद उपलब्ध आहे. मग फ्लॅशची एवढी खटपट कशाला?

उजेडमापक

प्रत्येक ओळ १/३२,००० सेकंदच उघडी असते हे खरे, पण बहुतेक साध्या सेन्सरांना सर्व ओळी वाचायला १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात मधमाशी सात-आठ आवर्तने पूर्ण करते, म्हणून पंख रबरी दिसतात. निकॉन झेड९ सारख्या २०२१ पासूनच्या जलद सेन्सरांनी हा काळ १/२७० सेकंदाच्या जवळ आणला, म्हणजे तो यांत्रिक पडद्यांच्या बरोबरीला आला. सोनीने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या ए९-३ मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी नोंद करतो आणि शटर १/८०,००० सेकंदापर्यंत जाते. त्यात पंख वाकत नाहीत. पण तेथेही उजेडाचा हिशोब सुटत नाही: भर उन्हात एफ/८ ला १/८०,००० वापरायचे तर आयएसओ वीस हजारांवर न्यावा लागतो. त्या कॅमेऱ्याचा खरा लाभ हा की फ्लॅशचा छोटा लखलखाट कोणत्याही शटर वेगाला जुळतो आणि त्यामुळे भर दुपारीही ऊन बाद करता येते. किंमत पाहता परसातल्या तुळशीसाठी छत्रीच परवडेल.

रातकिडा

मी विद्यार्थी आहे, मॅक्रो लेन्स परवडत नाही. ५५-२०० मिमीचा झूम आहे. शिवाय एका चित्रफितीत कीटकाला थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून मग चित्र घ्यावे, असे सुचवले होते. त्याने कीटकाला इजा होते का?

आंबोलीचा पाऊस

झूमच्या पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे जोडभिंग लावावे. त्याचे नाभीय अंतर १२५ मिमी आहे, म्हणून २०० मिमीवर वर्धन १.६ पट मिळते. उड्डाणासाठी ते फार होते; डीसीआर-१५० ने साधारण १:१ मिळते आणि कीटकापासून अंतरही बरे राहते. ५० मिमीची लेन्स असेल तर ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूबनेही १:१ साधते, पण मग कीटकाच्या फार जवळ जावे लागते आणि लेन्सचीच सावली पडते.

फ्रीजचा सल्ला कृपया पाळू नये. इजेचा प्रश्न आहेच. शिवाय असा कीटक चित्रातही ओळखू येतो, कारण त्याचे पाय आखडलेले असतात, मिशा लोंबतात आणि तो जेथे कधी बसत नाही अशा फुलावर ठेवलेला असतो. थंडीने सुस्तावलेला कीटक निसर्गात रोज पहाटे मिळतो. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपतात, बहुधा ठरलेल्या जागीच. जागा आदल्या संध्याकाळी हेरून ठेवावी आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयापूर्वी पोहोचावे. वारा नसतो, अंगावर दव असते आणि फोकस थोडा थोडा सरकवत पंधरा-वीस चित्रे घेऊन ती हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरमध्ये जोडता येतात. सेन्सरचे प्रतल कीटकाच्या शरीराच्या लांबीला समांतर ठेवले तर चित्रे कमी लागतात. ऊन अंगावर आले की दहा-पंधरा मिनिटांत ती हालचाल करू लागते. त्यानंतर जोडचित्राचा आग्रह सोडावा.

चतुरवेडी

माश्यांचा विषय आहे म्हणून एक इशारा. ही सगळी जवळीक फुलावरच्या एकट्या माशीपुरती ठेवावी. आग्या माश्यांच्या पोळ्याजवळ फ्लॅश घेऊन कोणीही जाऊ नये. किल्ल्यांच्या कड्यांवर अशी पोळी अनेक ठिकाणी असतात. पोळ्यावर लाटा उमटू लागल्या म्हणजे वसाहत सावध झाली असे समजावे आणि आवाज न करता मागे फिरावे. अत्तर लावून जाणे तर कटाक्षाने टाळावे. रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांची चित्रे घेणाऱ्यांनी वनक्षेत्रात आधी वनविभागाची परवानगी काढावी. काही फुलपाखरांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे घरी नेऊन चित्र घेऊ, हा विचार कायद्यातही बसत नाही.

कुंपणकाठ

सर्वांचे आभार. घराच्या सावलीतल्या फांदीवर, एक तृतीयांश वर्धन आणि १/३२ शक्ती ठेवून आज तरंगणाऱ्या नर भुंग्याची चित्रे घेतली. दुसरी प्रतिमा पूर्ण गेली आणि पंखांवरची निळी-जांभळी झाकही आली. आता एकच अडचण उरली आहे. सलग चित्रे घेतली की पहिली चार-पाच उजळ येतात आणि पुढची एकाएकी काळोखी. फ्लॅश १/३२ वर असताना असे व्हायला नको होते.

उजेडमापक

१/३२ वर पूर्ण भरलेला कपॅसिटर ओळीने बरेच लखलखाट देऊ शकतो, तेव्हा पहिला संशय बॅटरींवर घ्यावा. साध्या अल्कलाइन सेलऐवजी निकेल-मेटल हायड्राइडचे पुनर्भारित सेल वापरावेत, कारण त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो आणि कपॅसिटर लवकर भरतो. सेल नवे असूनही असेच होत असेल, तर सलग चित्रांचा वेग सेकंदाला चार-पाचवर आणून पाहावा. सलग वापराने फ्लॅशचे तोंड गरम होते, आणि फोमचा डिफ्युजर त्याला अगदी चिकटून असेल तर तो वितळू शकतो, म्हणून मध्ये बोटभर जागा ठेवावी.